दोन्ही बाजूंचें वकीलपत्र



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा, आणि त्या कायद्याच्या अभिरूप न्यायालयांत उभें राहण्यासाठीं विद्यार्थ्यांनीं करावयाची तयारी, हा तो विषय होय. जळकोटसारख्या गांवीं आयुष्यभर मास्तरकी केलेल्या आणि स्वतः मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या मनुष्यानें अशा विषयावर बोलावें, याचा खुलासा आरंभींच केला पाहिजे. गेल्या वर्षीं माझे दोन जुने विद्यार्थी, एक मुलगी व एक मुलगा, सुटींत गांवीं आले असतां मजकडे आले. दोघेंहि आतां कायद्याचें शिक्षण घेत आहेत. मुलगी म्हणाली, "गुरुजी, आमच्यासमोर न्यायाधीश होऊन बसा." मी म्हणालों, "अग, मला कायद्याचें अक्षर कळत नाहीं." त्यावर ती म्हणाली, "म्हणून तर तुम्ही बसा. ज्याला कायदा ठाऊक नाहीं त्याला आमचें म्हणणें समजलें, तर ज्याला ठाऊक आहे त्याला तें समजावून देणें सोपें जाईल." पुढें तीन आठवडे माझ्या ओसरीवर हें न्यायालय भरत असे. न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून मी जें शिकलों, तेंच आज आपणांस सांगणार आहें.

अभिरूप न्यायालय म्हणजे खऱ्या न्यायालयाची अभ्यासासाठीं केलेली प्रतिकृति. इंग्रजींत यास मूट कोर्ट म्हणतात, आणि मूट या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ सभा असा आहे. लंडन येथील वकिलांच्या प्राचीन संस्थांत नवशिक्यांस कल्पित खटले देऊन त्यांवर वाद करावयास लावीत. तीच ही परंपरा. आपल्याकडील शास्त्रीपंडितांसहि ही कल्पना अपरिचित नव्हती. आपल्या शास्त्रग्रंथांत आधीं पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्या सर्व बळासह सांगतात, आणि नंतरच उत्तरपक्षास हात घालतात. दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याचें खंडन करणारा पंडित सभेंत हास्यास्पद होई. अभिरूप न्यायालयाची सारी शिस्त या एका गोष्टींत आली, असें मला वाटतें.

जगांत अशा स्पर्धा आज पुष्कळ आहेत. आंतरराष्ट्रीय कायद्यावरील जेसप स्पर्धा १९६० सालीं सुरू झाली. केवळ फौजदारी बाजूच्या ज्या स्पर्धा आहेत त्यांपैकीं दोन विशेष नांवाजलेल्या आहेत. एक जर्मनींतील न्यूरेंबर्ग येथें होते. ज्या ६०० क्रमांकाच्या कक्षांत १९४५-४६ सालीं नाझी पुढाऱ्यांचा खटला चालला, त्याच कक्षांत आतां देशोदेशींच्या विद्यार्थ्यांनीं युक्तिवाद केलेले आहेत. दुसरी हॉलंडांत हेग नगरींत होते आणि तिचा संबंध लायडन विद्यापीठाशीं आहे. या हेगच्या स्पर्धेचा एक नियम आपण ध्यानांत ठेवावा. तेथें प्रत्येक संघास एकाच खटल्यांत निरनिराळ्या बाजू मांडाव्या लागतात: अभियोग पक्षाची, आरोपीच्या बचावाची, आणि ज्यांच्यावर अत्याचार झाला त्या पीडितांच्या वतीनें एक. जो संघ एकाच बाजूनें बोलूं शकतो, त्याची तयारी झालीच नाहीं असें समजावें.

आतां या मुलांनीं मला प्रथम काय शिकविलें तें सांगतों. हेगचें न्यायालय असें आपण सरसकट म्हणतों, पण तेथें न्यायालयें एकाहून अधिक आहेत, आणि त्यांत गल्लत करणारा विद्यार्थी पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयांत राज्य विरुद्ध राज्य असा वाद असतो. आपल्या महाराष्ट्रांतील कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानें २०१७ सालीं देहान्ताची शिक्षा सांगितली, तेव्हां भारत या न्यायालयांत गेला. नागपूरचे हरीश साळवे यांनीं भारताची बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजीं न्यायालयानें १५ विरुद्ध १ अशा मतांनीं निर्णय दिला कीं, जाधव यांना भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यांस भेटूं न देऊन पाकिस्तानानें १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा भंग केला आहे, सबब शिक्षेचा परिणामकारक फेरविचार व्हावा. शिक्षा रद्द करून सुटका करावी ही भारताची मागणी मात्र मान्य झाली नाहीं. न्यायालयाच्या हातीं जें आहे तेंच मागावें, आणि मोठी मागणी अमान्य झाली तर दुसरी लहान मागणी हाताशीं असावी, हा धडा विद्यार्थ्यांनीं येथून घ्यावा.

हेगशीं मराठी माणसाचा संबंध याहूनहि जुना आहे. ८ जुलै १९१० रोजीं विनायक दामोदर सावरकर यांनीं मार्सेय बंदरांत आगबोटींतून समुद्रांत उडी घेऊन फ्रान्सचा किनारा गांठला, आणि फ्रेंच पोलिसानें त्यांना धरून पुनः इंग्रजांच्या हवालीं केलें. यावरून फ्रान्स व ब्रिटन यांच्यांत जो वाद उत्पन्न झाला तो हेगच्या स्थायी लवाद न्यायालयापुढें गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजीं पांच लवादांनीं निवाडा दिला कीं, धरून हवालीं करण्यांत अनियमितपणा झाला खरा, परंतु एवढ्यावरून ब्रिटननें बंदिवान परत द्यावा असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम नाहीं. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता तो मनुष्य या वादांत पक्षकारच नव्हता. हा खटला मीं मुलांस दोन्ही बाजूंनीं वादावयास दिला. फ्रान्सच्या बाजूनें बोलणें त्यांस सोपें गेलें. ब्रिटनच्या बाजूनें बोलतांना दोघांचीहि जीभ जड झाली. तेव्हांच माझ्या लक्षांत आलें कीं, अवघड तें कायद्याचें कलम नसून आपलें मन आहे.

तिसरें न्यायालय तें आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. येथें राज्यावर खटला होत नाहीं. आरोपी हाडामांसाचा मनुष्य असतो, मग तो सेनापति असो कीं राष्ट्राध्यक्ष. याचा कायदा १७ जुलै १९९८ रोजीं रोम येथें १२० राष्ट्रांच्या अनुकूल मतांनीं संमत झाला व १ जुलै २००२ पासून अंमलांत आला. भारत त्या वेळीं तटस्थ राहिला आणि अद्यापि या न्यायालयाचा सभासद नाहीं. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण हे चार गुन्हे तेथें चालतात. आपला देश सभासद नसतां आपल्या मुलांनीं हा कायदा कां शिकावा, असें कोणी विचारील. वंशसंहारविरोधी करारास तरी भारतानें १९५९ सालीं मान्यता दिलेली आहे. शिवाय जमावानें केलेल्या अत्याचारांत एकेकट्या माणसाचा अपराध कसा मोजावा, हा प्रश्न कोणत्याहि देशांत उभा राहणारच.

हा प्रश्न कसा सोडवितात तें समजण्यास आपल्या इतिहासांतील एक प्रसंग पुरेसा आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनीं खून केला. आख्यायिका अशी कीं, राघोबादादांनीं "नारायणरावांस धरावें" असें लिहून दिलें होतें, आणि आनंदीबाईंनीं त्यांतील "ध" चा "मा" केला. ही आख्यायिका खरी धरून चाला, आणि सांगा, अपराधी कोण? तरवार चालविणारा गारदी तर खराच. अक्षर बदलणारीनें हुकूम बनविला. आणि राघोबादादा? बचावाचा वकील म्हणेल, माझ्या अशिलानें धरण्यास सांगितलें होतें, मारण्यास नव्हे. अभियोक्ता उत्तर देईल, पगारासाठीं संतापलेले हत्यारबंद लोक वाड्यांत सोडले असतां सामान्य क्रमानें काय घडेल याची जाणीव दादांस असलीच पाहिजे. रोमच्या कायद्यांतील तिसावें कलम नेमकें हेंच विचारतें: हेतु होता काय, आणि सामान्य क्रमानें असा परिणाम घडेल याची जाणीव होती काय? पंचविसावें कलम स्वतः करणारा, हुकूम देणारा, चिथावणारा व साह्य करणारा यांच्या जबाबदाऱ्या वेगळाल्या सांगतें. अठ्ठाविसावें कलम वरिष्ठाविषयीं आहे: हाताखालच्यांचें कृत्य ठाऊक असूनहि त्यानें तें रोखलें नाहीं, तर तो जबाबदार. लष्करी वरिष्ठास तर "मला कळलें नाहीं" एवढें म्हणून सुटतां येत नाहीं. परिस्थिति पाहतां कळावयास हवें होतें काय, हेंहि न्यायालय पाहतें.

मात्र शनिवारवाड्यांतील खुनाचा खटला हेगला चालला नसता. एक खून, मग तो पेशव्यांचा कां असेना, मानवतेविरुद्धचा गुन्हा होत नाहीं. त्यासाठीं नागरी वस्तीवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला झाला पाहिजे, आणि आपलें कृत्य त्या हल्ल्याचा भाग आहे हें आरोपीस ठाऊक असलें पाहिजे. पुष्कळ विद्यार्थी खुनाचें करुण वर्णन करण्यांत वेळ घालवितात आणि ही चौकट सिद्ध करण्यास विसरतात. मग न्यायाधीश एकच प्रश्न विचारतात, आणि सारी इमारत कोसळते.

दुसरी गोष्ट पुराव्याच्या पायऱ्यांची. अटकेचा हुकूम काढण्यास विश्वास ठेवण्याजोगें वाजवी कारण पुरतें. आरोप कायम करून खटला पुढें चालविण्यास त्याहून भरीव आधार लागतो. शिक्षा देण्यास मात्र वाजवी शंकेपलीकडची खात्री पाहिजे. स्पर्धेचा कल्पित खटला यांपैकीं कोणत्या पायरीवर उभा आहे, हें प्रथम पाहावें. काँगोचे पुढारी झां-पिएर बेम्बा यांना हाताखालच्या सैनिकांच्या अत्याचारांबद्दल २०१६ सालीं दोषी ठरवून १८ वर्षांची शिक्षा झाली. आणि २०१८ सालीं अपिलांत बहुमतानें ते सुटले. वरिष्ठानें जरूर तेवढे उपाय योजले होते काय, या एका मुद्द्यावर विद्वान् न्यायाधीशांत एवढें अंतर पडलें. जेथें न्यायाधीशांत अंतर पडतें, तेथेंच स्पर्धेचा प्रश्न काढणारे खटला रचतात.

आतां तयारीचा क्रम. पहिला आठवडा केवळ वाचनाचा. स्पर्धेकडून जो कल्पित खटला येतो त्यांतील हकीकत दहा वेळां वाचावी, तारीखवार टिपण करावें, आणि प्रत्येक वाक्यापुढें लिहावें कीं हें कोणत्या बाजूस उपयोगी. जें वाक्य आपणांस नडतें तें लाल शाईनें लिहावें, कारण न्यायाधीश प्रश्न विचारतील ते त्यावरच. हकीकतींत नाहीं तें पदरचें घालावयाचें नाहीं, हा येथील मोठा नियम आहे.

दुसरा आठवडा लेखनाचा. प्रत्येक बाजूचें लेखी निवेदन वेगळें असतें आणि त्यास लांबीची मर्यादा असते. आमच्या शाळेंत निबंध लिहिणारीं मुलें प्रस्तावनेंत अर्धें पान खर्च करीत. येथें तें चालत नाहीं. मुद्दा पहिल्या वाक्यांत, त्यास आधार दुसऱ्यांत, आणि आपल्या हकीकतीस तो कसा लागू पडतो तें तिसऱ्यांत सांगावें. आधार म्हणजे कायद्याचें कलम, आणि युगोस्लाव्हिया व रुआंडा यांसाठीं १९९३ व १९९४ सालीं स्थापन झालेल्या न्यायाधिकरणांचे किंवा हेगचे निकाल. निकाल आपल्याविरुद्ध असेल तर तो लपवूं नये. प्रतिपक्ष तो काढणारच, आणि मग लबाडी उघडी पडेल. तो आपणच सांगावा, आणि आपला खटला त्याहून कसा निराळा आहे हें दाखवावें.

तिसरा आठवडा बोलण्याचा. येथें आमच्या भागांतील मुलांची खरी अडचण सुरू होते, ती इंग्रजीची. माझें स्वतःचें इंग्रजी तर्खडकरी. त्यामुळें ती धास्ती मी जाणतों. मुलीनें सारें भाषण पाठ केलें होतें व तें ती घडाघडा म्हणे. पण मध्येंच मीं मराठींत प्रश्न विचारला कीं ती थांबे, आणि पुनः पहिल्या वाक्यापासून सुरू करी. तेव्हां मीं पाठांतर बंद करविलें. रोज संध्याकाळीं शेजारच्या मावशींना आपला एकेक मुद्दा तीन मराठी वाक्यांत सांगावयाचा, आणि त्यांना तो कळला म्हणजेच इंग्रजींत मांडावयाचा, असा नेम घातला. मावशी शाळेंत गेलेल्या नाहींत. पण कोणाचें बोलणें कोठें लटकें पडतें तें त्यांना चटकन् कळतें. कायद्याच्या इंग्रजींत ठराविक वाक्यप्रयोग थोडे आहेत व ते पंधरा दिवसांत अंगवळणी पडतात. विचार मात्र आधीं आपल्या भाषेंत स्वच्छ झाला पाहिजे.

न्यायाधीशांच्या प्रश्नाचें उत्तर देतांना पहिला शब्द "होय" किंवा "नाहीं" असावा, कारण त्यामागून यावें. "त्या मुद्द्याकडे मी नंतर येतों," असें सांगणाऱ्याकडे तो मुद्दा पुनः कधींच येत नाहीं. प्रश्नाचा राग मानूं नये. एका प्रश्नानें खटल्याची दिशा बदलते. रुआंडाच्या न्यायाधिकरणापुढें अकायेसू नांवाच्या नगराध्यक्षाचा खटला चालला, तेव्हां मूळ आरोपपत्रांत बलात्काराचा आरोपच नव्हता. एका साक्षीदार स्त्रीच्या जबानींत तो विषय निघाला, पीठावरील एकमेव स्त्री न्यायाधीश नवी पिल्ले यांनीं पुढें प्रश्न विचारले, आणि आरोपपत्र वाढविण्यांत आलें. २ सप्टेंबर १९९८ च्या त्या निकालांत वंशसंहाराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयानें प्रथमच एका आरोपीस दोषी ठरविलें, आणि बलात्कार हाहि वंशसंहाराचें साधन होऊं शकतो हें ठरलें. या नवी पिल्ले दक्षिण आफ्रिकेंतील डर्बन येथील एका तामीळ बसचालकाच्या कन्या. हें मीं मुलांना मुद्दाम सांगितलें. मुलाचे वडीलहि वाहनावरच पोट भरतात.

येथपर्यंत सारें सुरळीत चाललें होतें. आतां जो प्रसंग सांगतों त्यासाठींच मीं हें भाषण स्वीकारलें.

त्या वर्षींच्या कल्पित खटल्यांत एका काल्पनिक देशांतील पुढारी आरोपी होता. त्यानें गणवेशधारी स्वयंसेवकांची एक फौज उभारली होती, तो प्रक्षोभक भाषणें करी, आणि त्या स्वयंसेवकांनीं गांवें जाळलीं. तो स्वतः कोठेंहि हजर नव्हता. वांटणींत बचावाची बाजू मुलीकडे आली, पीडितांची मुलाकडे. दुसऱ्या दिवशीं मुलगी मजकडे एकटी आली आणि म्हणाली, "गुरुजी, हें वकीलपत्र मला नको. आमच्या पणजोबांचें घर रझाकारांनीं जाळलें. आमच्या घरीं तें अजून सांगतात. अशा माणसाच्या बाजूनें मी कोणत्या तोंडानें बोलूं?"

मराठवाड्याबाहेरील श्रोत्यांसाठीं सांगतों. आमचा उदगीरकडील मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत बीदर जिल्ह्यांत होता. रझाकार संघटनेचा प्रमुख कासीम रझवी हा लातुरास वकिली करीत असे. रझाकारांनीं १९४८ सालापर्यंत या भागांत जो जुलूम केला त्याच्या आठवणी गांवोगांवीं आहेत. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानांत शिरलें व १७ सप्टेंबरला निजामानें शरणागति पत्करली. रझवीस अटक झाली. आतां त्याच्यावर खटला कशाचा झाला? जुलमाचा सरसकट नव्हे. बीबीनगर येथील एका दरोड्याबद्दल, साध्या फौजदारी कायद्यानें, विशेष न्यायाधिकरणापुढें तो चालला व त्यास सात वर्षांची सक्तमजुरी झाली. त्यानें अपील केलें. विशेष न्यायाधिकरणाची रीत इतरांहून वेगळी असल्यानें आपणांस समान न्याय मिळाला नाहीं, अशी त्याची तक्रार होती, आणि ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९५३ सालीं बहुमतानें अपील फेटाळलें गेलें. पण न्यायमूर्तींमध्यें दोन मतें पडलीं. रझवी १९५७ सालीं सुटला व पाकिस्तानांत निघून गेला.

मीं मुलीला म्हटलें, "ज्या माणसाचा मराठवाड्यानें सर्वांत अधिक तिटकारा केला, त्याचीहि तक्रार आपल्या स्वतंत्र देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें ऐकून घेतली. त्याच्या बाजूनें कोणीतरी उभा राहिला म्हणून त्याची शिक्षा सूड ठरली नाहीं, न्याय ठरली. न्यूरेंबर्गला निकाल लागलेल्या २२ जणांपैकीं १२ जणांस फांशीची व ७ जणांस कारावासाची शिक्षा झाली आणि तिघे निर्दोष सुटले. ते तिघे सुटले म्हणून बाकीच्यांच्या शिक्षेवर जगानें विश्वास ठेवला. टोकियोच्या खटल्यांत आपले राधाविनोद पाल यांनीं सर्व आरोपी निर्दोष असें भिन्न मत १९४८ सालींच दिलें. जपानी सैन्यानें अत्याचार केलेच नाहींत, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. कृत्य घडल्यानंतर केलेल्या कायद्यानें जेत्यांनीं जितांस शिक्षा देऊं नये, असें म्हटलें. तें मत पटो वा न पटो, तें वाचल्याशिवाय त्या निकालाचा अभ्यास पुरा होत नाहीं."

ती ऐकत होती. इतक्यांत मुलगा आला. तो मुसलमान घरांतला. दोघें पहिलीपासून एका वर्गांत बसलेलीं. विषय काय निघाला आहे हें कळल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "गुरुजी, आमच्या पणजीचे दोघे भाऊ पोलीस ॲक्शनच्या दिवसांत घराबाहेर पडले ते परत आले नाहींत. आमच्या घरीं तें कोणी सांगत नाहीं."

हीहि गोष्ट खरी आहे, श्रोतेहो. १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार प्रभृति मंडळी सरकारच्या सांगण्यावरून या भागांत हिंडली. पोलीस कारवाईच्या वेळीं व तिच्यानंतर मुसलमानांच्या ज्या हत्या झाल्या, त्यांचें वर्णन त्यांच्या अहवालांत आहे, आणि सर्वांत अधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, तसेंच गुलबर्गा, बीदर व नांदेड हीं नांवें आहेत. तो अहवाल कित्येक दशकें लोकांसमोर आला नाहीं. शाळेंत मी दरवर्षीं १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामावर भाषण करीत असें. रझाकारांच्या जुलमाविषयीं मी बोललों आणि तें योग्यच होतें. परंतु या मुलाच्या पणजीच्या भावांविषयीं मी एकदांहि बोललों नाहीं, आणि तो मुलगा समोरच्या बांकावर बसून माझें भाषण ऐकत असे. हें मला त्या दिवशीं ओसरीवर कळलें.

१९४८ चा खटला आतां कोठेंहि चालणार नाहीं. रोमचा कायदा २००२ पूर्वींच्या कृत्यांस लागू नाहीं, आणि मीं मुलांस तो खटला चालविण्यास सांगितलेंहि नाहीं. आम्ही कल्पित देशाच्या कल्पित पुढाऱ्याकडेच परत वळलों. मात्र त्यानंतर दोघांचेंहि बोलणें पालटलें. मुलानें पीडितांची बाजू मांडली ती आरोपीस एकहि शिवी न देतां. पीडितांचा वकील हा दुसरा अभियोक्ता नव्हे, ज्यांचें कोणी सांगत नाहीं त्यांचें म्हणणें न्यायालयाच्या कानीं घालणें एवढेंच त्याचें काम, हें त्याला कोणी शिकवावें लागलें नाहीं. मुलीनें बचाव मांडला: भाषण म्हणजे हुकूम नव्हे, गांवें जळाल्याची वार्ता माझ्या अशिलापर्यंत केव्हां पोंचली, त्याचा पुरावा दाखवा. मीं न्यायाधीश म्हणून तिला विचारलें, "वार्ता कळली त्या दिवशीं तुमच्या अशिलानें काय केलें?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "कागदपत्रांत त्याविषयीं कांहीं नाहीं. जें नाहीं तें मी न्यायालयास सांगणार नाहीं." तीन आठवड्यांतील सर्वांत उत्तम उत्तर मीं तेंच मानलें. अशिलासाठीं झगडणें आणि अशिलासाठीं खोटें बोलणें यांतील रेघ तिला दिसूं लागली होती.

स्पर्धेचा निकाल काय लागला, असें आपण विचाराल. संघ पहिल्या फेरींतच बाद झाला. मुलीच्या इंग्रजी उच्चारांवर एका परीक्षकानें शेरा मारला, आणि तो अगदींच गैर नव्हता. यंदा पुनः तयारी चालली आहे. लातूर व नांदेड येथें कायद्याचीं महाविद्यालयें आहेत, छत्रपति संभाजीनगर येथें २०१७ पासून राष्ट्रीय विधि विद्यापीठ आहे. तेथें शिकणारीं मुलें याच गांवांतलीं आहेत. त्यांच्यासमोर न्यायाधीश म्हणून बसण्यास कायदा यावा लागत नाहीं. निवृत्त शिक्षकांनीं, शेजारच्या मावशींनीं, कोणीहि बसावें, प्रश्न विचारावे, आणि आपल्या मनाविरुद्धची बाजूहि शेवटपर्यंत ऐकून घ्यावी.

जातांना मुलानें मला एक गोष्ट सांगितली. स्पर्धेहून परत आल्यावर त्यानें आपल्या आजीला त्या दोघां भावांचीं नांवें विचारलीं. तिनें तीं सांगितलीं. तीं नांवें त्यानें आपल्या टिपणवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेविलीं आहेत, आणि त्यांच्या खालीं मुलीनें आपल्या पणजोबांचें नांव लिहिलें आहे.